भरतीच्या वेळचा पंचनामा

आमच्या महाडच्या कचेरीत अर्ज घेऊन येणाऱ्या माणसाला आधी पाणी प्यावं लागे. असा नियम कुठल्याही सरकारी पुस्तकात नव्हता. तो आबांचा होता, आणि आबा कचेरीतले शिपाई होते. माणूस दारातून आत आला, की त्याचं काम काय, कुणाकडे, हे विचारायच्या आधी ते माठातलं पाणी पेल्यात ओतून त्याच्यासमोर धरत. "घोटभर घ्या," म्हणत. घेतलं, की बाजूला होत. नाही घेतलं, तर तिथंच उभे राहत. रागावत नसत, बोलत नसत. पेला हातात धरून नुसते उभे राहत.

आता यात एवढं काय, असं कुणाला वाटेल. पण आबा नदीकाठच्या बौद्धवाडीतले, आणि अर्ज घेऊन येणारे पुष्कळसे लोक आमच्याकडचे, पोलादपूरच्या डोंगरातले. सत्तरचं दशक सरत आलं होतं, एसटी गावोगाव जात होती, घरटी एक माणूस मुंबईला होता. पण कुणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कुणाच्या नाही, हे आमच्या म्हाताऱ्यांना झोपेतही पाठ होतं. उघड नाही म्हणायची आता सोय राहिली नव्हती. मग कुणाला नेमकी तहान नसे, कुणाचा घसा बसलेला असे. एका माजी पोलीस पाटलाला एकाएकी निर्जळी एकादशी आठवली. आबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"एकादशी परवा झाली, पाटील," ते म्हणाले. "बसा तुम्ही. मी हाय."

पाटील बसले. मग उठून साहेबांच्या खोलीकडे निघाले, तर आबा पेला घेऊन बरोबर. परत येऊन बाकावर बसले, तर आबा समोर. असा तासभर गेला. शेवटी पाटलांनी दोन घोट घेतले आणि मिशा पुसत म्हणाले, "गार हाय पाणी." आबा म्हणाले, "माठ नवीन हाय." पाटलांचं काम त्या दिवशी झालं.

कचेरीत सगळे आबांना तऱ्हेवाईक म्हणत. मीही म्हणत असे. पण मला हसायचा काही अधिकार नव्हता. पोलादपूरजवळच्या कापड्याहून कारकून म्हणून आलो तेव्हा महाडला खोली मिळेपर्यंत एसटीनं घरूनच येत असे, आणि आईनं पिशवीत भाकरीबरोबर घरच्या पाण्याची बाटली दिली होती. "तिथलं पाणी बाधेल," म्हणाली. काय बाधणार ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पहिले दोन दिवस आबांनी माझ्या टेबलावर पेला ठेवला आणि संध्याकाळी तसाच भरलेला उचलला. तिसऱ्या दिवशी मी बाटली घरी विसरलो, की विसरल्यासारखं केलं, ते आता इतक्या वर्षांनी सांगता येणार नाही. दुपारी मी पाणी प्यायलो. आबा टेबलाशी आले, माझ्यापुढची आवक-जावकची वही त्यांनी सरळ केली आणि म्हणाले, "आता शिकवतो तुला काम."

आणि खरंच शिकवलं. कुठला अर्ज कुणाकडे, कुठल्या कागदाला कितीचं तिकीट, साहेबांपुढे फाइल कधी न्यायची आणि कधी मुळीच न्यायची नाही, हे सगळं मी एका शिपायाकडून शिकलो. माझं अक्षर बरं होतं. त्याचं त्यांना फार कौतुक. माझा कागद हातात आला की तो ते डोळ्यांपासून लांब धरून बघत आणि मग दुसऱ्या कारकुनांना दाखवत फिरत. त्यामुळे माझे तिथं शत्रूच जास्त झाले.

वर्षातून एकच दिवस ते रजा घेत, मार्चमधली. चवदार तळ्यावर लोक येतात तो दिवस. तळ्याच्या एका कोपऱ्याला स्वतःचा माठ घेऊन बसत आणि लांबून ट्रकांतून, एसटीतून आलेल्या माणसांना पाणी देत. एका वर्षी मी सहज तिकडे गेलो होतो. मी म्हटलं, "आबा, हे लोक तळ्याचं पाणी प्यायला आले आहेत. तुमचं कशाला?"

"तिथं ते आपल्या हातानं पितात," आबा म्हणाले. "हितं दुसऱ्याच्या हातनं. दोन्ही पायजे."

त्यांचे वडील सत्याग्रहाच्या वेळी ऐन विशीत होते. तळ्यावर ओंजळभर पाणी प्यायले आणि परतीच्या वाटेवर त्यांना जो मार बसला त्यात खांदा निखळला, तो कायमचा. आबांनी हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही की उतरवला नाही. पेला विसळून पुढच्या माणसासाठी भरत भरतच सांगितलं.

त्यांची दुसरी तऱ्हा साहेबांना फार छळत असे. आबा घरी जात ते कचेरीच्या घड्याळावर नव्हे, नदीच्या पाण्यावर. त्यांच्या वाडीच्या वाटेवर एक नाला सावित्रीला मिळतो. ओहोटीला त्याच्या मुखाशी घोटाभर पाणी, भरतीला कमरेच्या वर. ओहोटीला गेलं तर दोन मैलांत घर, नाहीतर हायवेनं मोठा वळसा. म्हणून अष्टमीच्या आसपास ते चार वाजताच छत्री काखेत मारून निघत, आणि कुठल्या तिथीला सात वाजले तरी बाकावर बसून असत. साहेब चिडून म्हणत, "सरकार तुझ्या भरती-ओहोटीवर चालत नाही." आबा शांतपणे म्हणत, "सरकार नाय चालत साहेब. मी चालतो."

मी डोंगरातला. आमची कापड्याची नदी एकाच दिशेला वाहते. नदी उलटी चढते हे मी महाडला पहिल्यांदा पाहिलं आणि पुलावर चांगला अर्धा तास उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी आबांनी हिशेब सांगितला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता बाणकोटाला, नदी समुद्राला मिळते तिथं, भरती. तिथून आमच्यापर्यंत पाणी चढायला अडीच तास धर. "पंचमीला किती?" "अष्टमीला किती?" असं ते मला कागद लावता लावता विचारत. मला तो चाळाच लागला. कॅलेंडर दिसलं की मी मनात भरती काढत असे.

मग ऐंशीनंतर वरच्या अंगाला कारखाने आले. महाडचा बाजार बदलला, खाणावळी वाढल्या, खोल्यांची भाडी चढली, आणि आबांच्या वाटेवरच्या नाल्याला रंग आला. कधी तांबूस, कधी शाईसारखा. त्यातून चालल्यावर आबांच्या पायांना चट्टे उठले, कातडी सुटली. मग त्यांनी ती वाटच सोडली. आता भरती असो की ओहोटी, ते हायवेनं जात आणि ठरल्या वेळेला कचेरी सोडत. साहेब खूश झाले. "शेवटी सुधारला," म्हणाले. आम्ही सगळे हसलो होतो.

एका रविवारी त्यांनी मला वाडीवर नेलं. मुद्दाम सकाळची ओहोटी धरून नेलं. नाल्याचं मुख उघडं पडलं होतं. चिखलात काळपट तवंगाचं पाणी ठिकठिकाणी साचलेलं, एरवी त्या चिखलात टुणटुण उड्या मारणारे निवटे मासे पांढरी पोटं वर करून पडलेले, आणि वास असा, की मी रुमाल नाकाला लावला तो घर येईपर्यंत काढला नाही. नाल्यापासून पन्नास पावलांवर वाडीची विहीर. आबांच्या तरुणपणी वाडीनं अंगमेहनतीनं खणलेली. आबांनी बादलीभर पाणी काढलं. पिवळसर होतं आणि तोच वास त्यालाही होता.

"चार पाच महिने झाले," ते म्हणाले. "आधी वाटलं, गाळ असंल. दोनदा उपसली. परत तेच."

"मग पाणी कुठून आणता?"

"गावातनं."

गाव म्हणजे वरची आळी. तिथल्या विहिरीवरून आता कुणी हाकलून देत नव्हतं. कायदा सगळ्यांना ठाऊक होता. पण "आधी आमचं होऊ दे" एवढं म्हणायला कायदा आड येत नाही. वाडीच्या बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या राहत. सगळ्यांचं भरून झालं, की कुणी दयाळू बाई वरून, लांबून, त्यांच्या घागरीत ओतत असे. रहाटाला हात कशाला लावता, आम्हीच देतो की, असं म्हणून.

आम्ही घरी आलो तेव्हा आबांची सून नुकतीच घागर घेऊन आली होती. तिनं पाहुणा बघून तांब्या भरला आणि पुढं आली. मला तहान लागली होती, मी हात पुढं केला. आबांनी मधेच तांब्या घेतला.

"नको गो, त्याला नको. दोन तास उभी राह्यलीस ह्या पाण्यासाठी. पोरांना ठेव." मग माझ्याकडे वळले. "विहिरीचं तुला देता येत नाय. हे देववत नाय."

मी म्हटलं, "राहू द्या आबा, तहान नाही." म्हटल्यावर मला माझंच ऐकू आलं. हे वाक्य मी कचेरीत कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं होतं.

ते उंबऱ्यावर बसले. "एवढ्या लोकांना पाणी पाजलं रे मी," ते म्हणाले. "आणि माझ्या घरातनं तू कोरडा चाललास. माझ्या बापानं ज्याच्यासाठी मार खाल्लान, तिथंच माझी सून परत उभी हाय. हे कुणाला सांगू, सांग." सून दाराआड उभी राहून ऐकत होती. मी म्हटलं, अर्ज करू. एवढंच मला येत होतं.

अर्ज मीच लिहिला. नाल्यात कारखान्याचं पाणी सोडतात, त्यानं विहीर नासली, ते बंद व्हावं आणि वाडीला पिण्याच्या पाण्याची सोय व्हावी. वाडीच्या पंचेचाळीस सह्या आणि अंगठे. आबांनी तो लांब धरून वाचला आणि घडी न घालता पुठ्ठ्यात ठेवून आणला, सुरकुती पडू नये म्हणून.

महिन्याभरानं चौकशीचं निघालं. साहेबांनी जागेवर जाऊन बघायचं, पंचनामा करायचा. नाल्यातून घाण पाणी येतं की नाही, एवढ्यावरच सगळं अवलंबून होतं. विहीर कशानं नासली हे त्यावरूनच ठरणार होतं. दिवस ठरवायला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं तेव्हा कारखान्याचा एक अधिकारी तिथं बसला होता. आबा त्या दिवशी टपाल घेऊन पोलादपूरला गेले होते.

"गुरुवारी जाऊ या," अधिकारी म्हणाला. "दुपारचं जेवण आमच्याकडे घ्या, मग आमच्या जीपनं दीड-दोनला तिकडे."

साहेब माझ्याकडे वळले. "काही अडचण?"

माझी नजर सवयीनं कॅलेंडरवर गेली. गुरुवारी पौर्णिमा. पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, त्यात अडीच तास. पावणेदोनला नदी काठोकाठ भरलेली असणार आणि नाल्याचं मुख पुरुषभर पाण्याखाली. एवढा हिशेब व्हायला मला मोजून दोन श्वास लागले असतील.

त्या अधिकाऱ्याच्या मांडीवर जी बॅग होती, तिच्यात माझ्या धाकट्या भावाचा नोकरीचा अर्ज होता. आठवड्यापूर्वी मीच दिला होता. भाऊ मॅट्रिक होऊन तीन वर्षं कापड्याला बसून होता. आमचं उतारावरचं भात घरच्यांनाच पुरत नसे, आणि आईचं प्रत्येक पत्र त्याच्यावरच संपत असे. मला कुणी काही सुचवलं नाही, धमकावलं नाही. तो अधिकारी माझ्याकडे बघतही नव्हता. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उलट त्याच्यामुळेच मला बचाव उरत नाही.

"नाही साहेब," मी म्हटलं. "काही अडचण नाही."

गुरुवारी सकाळी आबांना वेळ कळली. ते सरळ साहेबांच्या खोलीत गेले. मी तिथं कागद घेऊन उभा होतो.

"साहेब, दुपारी नको. आत्ता निघा. दहापर्यंत नाला उघडा हाय. नायतर संध्याकाळी सहानंतर. दुपारी भरती, काय दिसायचं नाय."

"झालं तुझं सुरू," साहेब म्हणाले. "तुझी ती भरती घरी जाण्यापुरती ठेव." मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला विचारलं, "काय हो, ह्याच्या म्हणण्यात काही अर्थ आहे?"

साहेब आबांचं ऐकणार नव्हते. वर्षानुवर्षं त्यांनी आबांची ती तऱ्हा हसण्यावारी नेली होती. पण माझं त्यांनी ऐकलं असतं. मी एक वाक्य बोललो असतो तर ते संध्याकाळी गेले असते.

"मला कल्पना नाही साहेब," मी म्हटलं. "मी कापड्याचा. डोंगरातला माणूस, मला भरतीचं काय कळणार."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी हातातले कागद बघत राहिलो. ते बाहेर गेले आणि साहेबांची छत्री पुसू लागले, कारण दुपारी ती त्यांनाच धरायची होती.

दोन वाजता आम्ही पोहोचलो. नदी तुडुंब होती, उन्हानं चकाकत होती, आणि नाला कुठं मिळतो तेही ओळखू येत नव्हतं. वाडीची माणसं काठावर जमली होती. "साहेब, जरा थांबा, पाणी उतरू द्या," असं त्यांच्यातले दोन-तीन जण हात जोडून म्हणत राहिले. कारखान्याचा अधिकारी घड्याळ बघत राहिला. साहेब सांगत गेले आणि मी जीपच्या बॉनेटवर कार्बन ठेवून लिहीत गेलो: नाल्याच्या मुखाशी रंगीत अथवा दुर्गंधीयुक्त पाणी आढळून आले नाही, विहिरीच्या पाण्यास किंचित वास येतो, तथापि गाळ काढल्यास तो जाण्याचा संभव आहे. वरच्या आळीतल्या दोघांनी पंच म्हणून सह्या केल्या. आबा सगळा वेळ साहेबांच्या डोक्यावर छत्री धरून आपल्याच माणसांसमोर उभे होते. त्यांनी माझ्या कागदाकडे एकदाही पाहिलं नाही.

त्या फाइलमध्ये अजूनही कुठं ते दोन कागद शेजारी शेजारी असतील. अर्जात नाला सडलेला, पंचनाम्यात स्वच्छ, आणि दोन्हीकडे तेच वळणदार अक्षर. वरच्या अधिकाऱ्यांपैकी कुणालाही त्याचं नवल वाटलं नाही.

भाऊ महिन्याभरात लागला. वाडीचा अर्ज निकाली निघाला. वाडीनं विहिरीचा गाळ काढावा असं त्यात होतं. ते पत्र वाडीवर पोचवायचं काम शिपायाचं, म्हणजे आबांचं. त्यांनीच ते नेलं आणि वाचून दाखवलं. पुढं वाडीला नळ आला, पण त्याला बरीच वर्षं जावी लागली. तोवर आबांची सून पन्नाशीला आली होती, आणि तिच्या सुनाही त्याच विहिरीवर बाजूला उभ्या राहायला शिकल्या होत्या. आबांनी नळ पाहिला नाही.

पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वाडीतले तीन तरुण कचेरीत आले. साहेब बाहेरगावी होते. ते माझ्या टेबलाभोवती उभे राहिले. त्यांच्यातला एक मुंबईला गोदीत होता, तो बोलत होता.

"टाइम तुम्हीच फिक्स केलात ना? आम्हाला सगळं मालूम पडलंय. ऐन भरतीला का आणलात साहेबाला? अर्ज तुम्हीच लिहिलात, मग असं का केलात?"

बोलण्यासारखं एकच होतं आणि ते माझ्या तोंडून निघत नव्हतं. तो पोरगा टेबलावर हात टेकून वाकला. इतर कारकून आपापल्या वह्यांत बघू लागले.

आबा माठाजवळून उठून आले.

"त्याला कशाला धरताय रे?" ते म्हणाले. "कापड्याचा माणूस तो, डोंगरातला. त्याला भरतीचं काय कळणार?"

पोरगा थबकला. "खरं का?" त्यानं मला विचारलं.

मी मान हलवली.

"मग सॉरी हां," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं मुद्दाम केलात." तिघं निघून गेले. एकानं तर जाता जाता मला नमस्कारही केला.

ती सहा-सात वर्षं आबा मला 'अरे', 'तू' म्हणत आले होते. कचेरीत साहेबांखेरीज सगळ्यांनाच ते तसंच म्हणत, आणि मला तर जरा हक्कानंच. ते तिघं फाटकाबाहेर जाईपर्यंत आबा उभे राहिले. मग माझ्या टेबलावरच्या विस्कटलेल्या वह्या त्यांनी एकावर एक नीट रचल्या.

"बसा साहेब," ते म्हणाले. "काम करा तुमचं."

निवृत्त होईपर्यंत पुढं चार वर्षं ते माझ्याशी रोज बोलले. एकदाही 'अरे' म्हटलं नाही.